बटणांमागची पट्टी

नातीच्या गणवेशाची बटणं खोटी आहेत, हे घरात आम्हा दोघींनाच माहीत होतं. एक मी आणि दुसरी ती सहा वर्षांची बया.

सुरुवात शाळेच्या पत्राने झाली. नातीला आम्ही बारकी म्हणायचो. तिला डबा उघडता येत नाही, खेळाच्या तासाला शर्ट बदलताना सगळा वर्ग खोळंबतो, दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो. अशी यादी होती. ऑक्युपेशनल थेरपी सुरू करा, सत्राच्या शेवटी अहवाल आणा, सुधारणा नसेल तर मुलीला वेगळ्या तुकडीत घालू. वेगळी तुकडी म्हणजे शाळेच्या मागच्या इमारतीतली एक खोली. तिथे गेलेलं मूल परत आपल्या वर्गात आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

"ऑक्युपेशनल म्हणजे कामाधंद्याचं ना? या चिमुरडीला कसला आलाय कामधंदा?" मी सुनेला विचारलं.

"जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, खेळणं. रोजचं सगळं तिच्या हाताला जमावं म्हणून, आई."

"ते शिकवायला मी मेलेय का?"

"तुम्ही शिकवत नाही, तुम्ही करून टाकता," सून म्हणाली. लेकाने पेपरात तोंड खुपसलं.

दोघंही नोकरीवाले, त्यामुळे आठवड्यातून दोनदा बारकीला घेऊन जायचं माझ्याकडे आलं. औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर थेरपीची खोली होती. बाहेर बाकडं, आणि दाराला वीतभर काच. त्या काचेला डोळा लावून मी पहिल्या दिवशी जे पाहिलं, ते पाहून कपाळावर हात मारला. बाई पोरीला झोक्यावर पालथी झोपवून जमिनीवरचे तुकडे वेचायला लावत होती. मग कापडाच्या बोगद्यातून रांगत जा, मातीच्या गोळ्यात लपवलेले मणी काढ, कपड्यांचे चिमटे दोरीला लाव. शिकवणं कशाचं, जत्राच ती. मी त्या बाईचं नाव झोकेवाली ठेवलं.

खेळ एक वेळ चालला असता. पण झोकेवालीकडे एक काळी वही होती. पोरगी काही करत असली की ही लिहायची. एकदा दार उघडं होतं तेव्हा आतला प्रश्न कानावर आला. "घरी बूट कोण घालतं गं तुला?"

"आजी."

"आणि भरवतं कोण?"

"आजीच."

खरखर पेन चाललं. मी मनात म्हटलं, हिला पोरीचे हात बघायचे नाहीत, आमचं घर बघायचंय. अहवालात काय लिहायचं ते हिचं आधीच ठरलंय.

माझ्या या भीतीला कारण होतं. माझी धाकटी बहीण अशीच होती. तिच्या हातून भांडं निसटायचं, वेणी तिला कधी घालता आली नाही. दुसरीत असताना मास्तरांनी वडिलांना सांगितलं, हिला घरीच ठेवा. घरी ठेवली ती सत्तावन्न वर्षं. खिडकीशी बसून ती रस्त्यावरची माणसं मोजायची आणि संध्याकाळी मला आकडा सांगायची. बारकी अशी बसायला नको होती, मग काय वाटेल ते करावं लागो.

मी चाळीस वर्षं शिवणकाम केलं, त्यातली अठरा शाळांच्या गणवेशांच्या कारखान्यात. एका दुपारी मी बारकीचे दोन्ही शर्ट काढले. काजं आतून शिवून बंद केली, वर बटणं टाचली आणि मागे वेल्क्रोचे तुकडे बसवले. शर्ट नुसता दाबला की लागतो, बघणाऱ्याला वाटावं बटणं लावली. धुणं, इस्त्री, सकाळची तयारी, सगळं माझ्याच हातात, कोण बघणार?

"कुणाला सांगायचं नाही हं," मी बारकीला बजावलं.

"बाबांना?"

"बाबांना तर मुळीच नाही."

आठवड्याभरात वर्गबाईंचा निरोप आला की मुलगी आता मिनिटात शर्ट घालते. सून हरखली. मला म्हणाली, "बघा, तुमच्या झोकेवालीने करून दाखवलं!" थेरपीला जाताना मी बारकीला जिन्यातच टी-शर्ट घालायची आणि गणवेशाचा शर्ट पिशवीत कोंबायची. वेल्क्रोची ती चर्र त्या बाईच्या कानातून सुटली नसती.

पण वर्गबाईंनी तिलाही कळवलं होतं. सहाव्या आठवड्यात काचेतून पाहते तो झोका वर गुंडाळलेला. बारकी खुर्चीत बसलेली, समोर बटणांचं जाकीट. एक बटण हातात धरून ती कितीतरी वेळ झगडत होती.

"शाळेत येतं म्हणे तुला. मग इथे का नाही?" झोकेवालीचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "माझी गंमत करतेस का?"

बारकीने बटण पुन्हा काजाशी नेलं.

"मुद्दाम करत असशील तर मला तसं लिहावं लागेल, बाळा."

बारकीने मान वळवली आणि काचेत मला शोधलं. डोळे भरले होते, पण ओठ घट्ट मिटलेले. तिने चुगली केली नाही. माझ्यासाठी ती लबाड ठरायला तयार होती.

मी दार ढकललं.

"आजी, दोन मिनिटं बाहेर..."

"तिला येत नाही. शाळेतही येत नाही. मी वेल्क्रो लावलंय."

पिशवीतून शर्ट काढून मी झोकेवालीपुढे टाकला. तिने पट्टी धरून ओढली. चर्र. तिने पुन्हा दाबली, पुन्हा ओढली, मग शर्ट उलटून बघितला. "टाका बाकी सुरेख आहे," ती म्हणाली. हसली मात्र नाही. बारकीजवळ गुडघ्यावर बसून म्हणाली, "माझं चुकलं गं. तू मुद्दाम करत नव्हतीस." मग काळी वही उघडून माझ्यासमोर धरली. तीन पानांवर समासात एकच शब्द होता, 'आजी', आणि पुढे प्रश्नचिन्ह. "घरी कुणीतरी करून देतंय असं वाटत होतं. पण इतकं?"

"आता काय लिहिणार?"

"आहे ते. बटण लावता येत नाही."

"मग गेली पोर मागच्या खोलीत."

"त्याखाली हेही लिहीन की इतके दिवस तिला शाळेत बटण हाताळायलाच मिळालं नाही, तेव्हा शाळेचं आणखी एक सत्र द्या. पण माझ्या एकटीच्या शब्दावर शाळा ऐकणार नाही. तुम्ही काय केलंत ते तुम्ही सहीनिशी लिहून द्या."

अच्छा, म्हणजे हा डाव! हिचा झोका फुकट गेला तर खापर माझ्या डोक्यावर. शिवाय तो कागद मुख्याध्यापिका वाचणार, लेक वाचणार, सून तर दोनदा वाचणार. मी म्हटलं, "आणि सत्र मिळूनही जमलं नाही तर?"

तिने जाकिटाचं बटण स्वतः काजात घातलं, अर्ध्याहून जास्त बाहेर काढलं आणि बारकीला म्हणाली, "आता फक्त ओढ." बारकीने ओढलं. बटण लागलं. दुसऱ्या बटणाचंही तसंच. "शेवटची पायरी आधी तिची. ती पक्की झाली की त्याच्या आधीची. आणि झोका, माती, चिमटे कशाला म्हणाल, तर खांदा डगमगत असेल तर बोटं टिकणार कुठून?"

'शेवटची पायरी आधी' यापुढचं मी काही ऐकलंच नाही. आमच्या कारखान्यात नवी मुलगी आली की तिला मशीन देत नसत. तयार कपड्याचे दोरे कातरायला बसवत, म्हणजे सगळ्यात शेवटचं काम. मग बटणं, मग दुमड, आणि सगळ्यात शेवटी शिलाई. मीही तशीच शिकले होते. पहिल्याच दिवशी पूर्ण झालेला शर्ट माझ्या हातातून पुढे गेला होता, त्याचा मला किती तोरा होता! कुणी माझ्यासाठी ते दोरे कातरून दिले असते, तर मी आज कोण असते?

"द्या कागद," मी म्हटलं.

घरी दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. लेक एवढंच म्हणाला, "आई, तू पण ना." शाळेने एक सत्र दिलं. मी दोन्ही शर्टांचं वेल्क्रो काढलं, शिवलेली काजं उसवली आणि बटणं पुन्हा जागेवर लावली. सकाळी बारकी बटणांशी झटायची तेव्हा मी हात पदराखाली धरून बसायची. ते चार महिने मला माझ्या हातांचीच राखण करावी लागली.

तपासणीच्या दिवशी मुख्याध्यापिका, वर्गबाई आणि झोकेवाली टेबलापलीकडे बसल्या. मी दाराशी. बारकीने शर्ट चढवला. पहिलं बटण लागलं, दुसरं लागलं, तिसरं भलत्याच काजात गेलं. माझा पाय पुढे पडला. झोकेवालीने नुसती भुवई उचलली आणि मी तिथेच थांबले. बारकीने जीभ बाहेर काढून ते सोडवलं, योग्य काज शोधलं आणि पाचही बटणं लावली. चार मिनिटं लागली.

मुख्याध्यापिका उठल्या, बारकीजवळ वाकल्या आणि शर्टाची पट्टी बोटांनी उलटून आतून चाचपू लागल्या. माझ्या कानशिलांना आग लागली. पण हे मीच ओढवून घेतलं होतं, बोलणार काय?

"नीट बघा बाई," बारकी मान वर करून म्हणाली, "खालचं पण बघा."

त्यांनी खालचंही बघितलं. मग खुर्चीत बसून वर्गबाईंना म्हणाल्या, "राहू दे हिला तुमच्याच वर्गात."