मुठीतलं तेल

पिकअप स्टँडवर त्या दुपारी पन्नासेक माणसं भर उन्हात गोल करून उभी होती आणि सगळ्यांच्या माना एका उघड्या बॉनेटकडे वळलेल्या होत्या. मी माझ्या गॅरेजच्या दारातून बघत होतो. रस्ता ओलांडला की स्टँड, त्यामुळे तिथला प्रत्येक तमाशा मला घरबसल्या दिसतो.

मधोमध पांढराशुभ्र झब्बा घातलेला एक माणूस होता. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला तेलगुरू म्हणायचे.

"इंजिन म्हणजे काय?" तो विचारत होता. "लोखंडाचं पोट. आणि तेल म्हणजे त्या पोटातलं रक्त. ते काळं का पडतं? चालवणाऱ्याच्या मनातली कटकट त्यात झिरपते म्हणून."

पोटात रक्त कुठून आलं, असं कुणी विचारलं नाही. माना डोलल्या.

त्याने इंजिनातून तेल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि सगळ्यांना फिरवून दाखवली. टोकाला काळंकुट्ट तेल. मग ती परत आत घातली, 'वाफ निसटू नये म्हणून' नळीच्या तोंडावर डाव्या हाताची मूठ आवळली, डोळे मिटले आणि ओठ हलवले. मुठीतून पट्टी हळूहळू वर आली तेव्हा तिच्यावर मधासारखं सोनेरी तेल चमकत होतं. गर्दीतून एक लांब उसासा उठला.

"झाली शुद्धी. आता वर्षभर तेल बदलू नका. फक्त एक पथ्य पाळा. मेकॅनिकचा हात लागला की सिद्धी मोडते."

मग त्याचा चेला सोन्याच्या रंगाचे गोल स्टिकर वाटायचा, लोक खुशीने त्याच्या पेटीत काहीबाही टाकायचे आणि पुढचं बॉनेट उघडायचं. आठ महिने हे चाललं होतं.

मी का बोललो नाही? राग आला नव्हता असं नाही, पण रागापेक्षा कंटाळा मोठा होता. तीस वर्षं गाड्यांखाली पाठ घासतोय. माणसांना समजावून सांगण्यापेक्षा गंजलेला नट सोडवणं सोपं, हे एव्हाना कळलं होतं. शिवाय बोललो असतो तर म्हणाले असते, याच्या पोटावर पाय आला म्हणून ओरडतोय. ते अगदीच खोटंही नव्हतं.

बोलायची वेळ माझ्या सख्ख्या बहिणीने आणली.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चार वर्षांपूर्वी भाऊजींचा मणका गेला, ते अंथरुणाला खिळले, आणि त्यांची जुनी पिकअप ताईने हातात घेतली. तिच्याकडे एका लॉन्ड्रीचं काम आहे. हॉस्पिटलच्या मळलेल्या चादरी उचलायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. लॉन्ड्रीत डागांप्रमाणे गठ्ठे वेगळे करायचं कामही तीच करते. गाडी सतरा वर्षांची. आज क्लच, उद्या सायलेन्सर, परवा दार लागत नाही. बहिणीची गाडी म्हणून मी मजुरी घेत नाही, आणि मजुरी घेत नाही म्हणून तिचा नंबर कायम शेवटी लावतो.

त्या मंगळवारी सकाळी गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला. डब्यात खडे हलवावेत तशी खडखड.

"बंद कर," मी म्हणालो. "आधी बंद कर, मग बोल."

ताई खाली उतरली. चेहरा ओढलेला. "चढावर सुरू झालं रे. हॉस्पिटलपर्यंत कशीबशी नेली, पण आता ओढतच नाही. आज दुसरी फेरी चुकली तर लॉन्ड्रीवाले दुसरा माणूस बघतील. मागच्याच महिन्यात बजावलंय त्यांनी."

मी आत वाकलो. समोरच्या काट्यांच्या काचेवर सोनेरी गोल स्टिकर होता. नखाने खरवडायला लागलो तसा तिने माझा हात धरला.

"असू दे तो."

"कुठे चिकटवलायस ते तरी बघ."

स्टिकर निघाला. मी क्षणभर इंजिन चालू केलं. स्टिकर होता तिथेच, खाली, तेलाचा लाल दिवा पेटलेला होता. इंजिन चालू झाल्यावर तो विझायला हवा. विझत नाही याचा अर्थ तेल पोचत नाहीये, ताबडतोब थांबा.

"कधीपासून पेटतोय?"

"मला काय माहीत? झाकलेला होता ना." मग ती हळूच म्हणाली, "ते म्हणाले, लाल दिवा म्हणजे इंजिनाचा हट्ट. सारखं बघितलं की वाढतो."

मी इंजिन बंद केलं, थोडं थांबून पट्टी काढली. जेमतेम टोक ओलं, आणि जे होतं ते डांबरासारखं.

"तेल बदललं नाहीस तू."

"तू बदलणार होतास. म्हणाला होतास, रविवारी बघतो. तो रविवार काही उजाडला नाही."

ती गाडीच्या पायरीवर बसली.

"सकाळी गाडी, मग ह्यांना उठवणं-बसवणं, मग परत गाडी. रोज काहीतरी गळतंय, काहीतरी वाजतंय. तो माणूस म्हणाला, आता वर्षभर तुम्हाला काही करावं लागणार नाही. एवढंच ऐकायचं होतं मला. कुणीतरी म्हणायला हवं होतं."

"ताई, त्याने फसवलंय तुला."

"असेल. पण पट्टी सोनेरी निघाली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तू म्हणतोस ते खरं आणि मी पाहिलं तेही खरं, हे कसं काय? चल त्याच्यासमोर."

इंजिन चालू करायची सोय नव्हती. आम्ही दोघांनी गाडी ढकलत रस्ता ओलांडला. पन्नाशीतला मी आणि माझ्याहून मोठी ती. स्टँडवरचे टेम्पोवाले काका पुढे येऊन हात लावू लागले. काका स्टँडवर सगळ्यांत जुने, आणि तेलगुरूचे पहिले भक्त.

तेलगुरूने ताईला ओळखलं. "श्रद्धा डळमळली का, ताई?"

"डळमळली," ताई म्हणाली. "परत एकदा करून दाखवा."

त्याने केलं. काळी पट्टी, आवळलेली मूठ, मिटलेले डोळे, आणि वर आलेलं सोनेरी तेल. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी गॅरेजमधून टब आणि पाना आणून गाडीखाली सरकलो आणि तळाचा बोल्ट सोडला. इंजिनातलं होतं नव्हतं तेवढं तेल टबात उतरलं. काळं, जाड, आणि त्यात बारीक चमचमणारा चुरा. आतली बेअरिंग झिजून तेलात उतरत होती.

मी टब बाहेर ढकलला. "वरून सोनेरी निघालं ते हेच तेल. बघा."

लोक वाकले. कुजबुज झाली. तेलगुरू मात्र हसला. "मेकॅनिकचा हात लागला. मी आधीच सांगून ठेवलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "ते खरं आहे. त्यांनी आधीच सांगितलं होतं."

माना पुन्हा डोलू लागल्या. मी गाडीखाली पडूनच होतो आणि मला वाटलं, आता उठूच नये. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

तेवढ्यात ताईचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. लॉन्ड्रीत गठ्ठे मोजताना असतो तसाच.

"महाराज, तुमच्या डाव्या खिशाला डाग पडलाय."

"गाड्यांमध्ये वावरतो, डाग पडणारच."

"रोज तीनशे चादरी माझ्या हाताखालून जातात. डाग कशाचा आहे ते मला धुण्याआधी कळतं. तुम्ही सकाळपासून काळ्या तेलात हात घालताय. मग डाग काळा पाहिजे. हा पिवळा आहे. कोऱ्या तेलाचा. स्टँडवरच्या एकाही गाडीत कोरं तेल नाही, मग ते तुमच्या खिशात कुठून आलं?"

मी गाडीखालून बाहेर आलो. तीस वर्षं मेकॅनिक असलेला मी, आणि मला तो खिसा दिसला नव्हता.

तेलगुरूने हात खिशावर ठेवला. "ताई, शंका हे विष आहे."

"मग एकदा मूठ न लावता काढा पट्टी. एवढंच."

"मूठ हीच तर साधना."

काका पुढे झाले. त्यांना त्याला पकडायचं नव्हतं. त्यांना तो खराच ठरायला हवा होता. "करा की महाराज. माझ्या गाडीवर करा. तिला आठ महिन्यांत मेकॅनिकचा हात लागलेला नाही. ह्यांची तोंडं बंद होतील."

तो जागचा हलेना. शेवटी काकांनी स्वतःच आपलं बॉनेट उघडलं आणि पट्टी वर ओढली. काळी. पुसून पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. काळीच. ते पट्टीकडे बघत राहिले. "गेल्या आठवड्यात तर सोनेरी होतं," ते स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांनी तेलगुरूचं मनगट धरलं, अगदी हलकेच, आणि खिसा पालथा केला. भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा खाली पडला. मध्ये चीर दिलेला आणि कोऱ्या तेलात भिजलेला.

ताईने तो उचलला, डाव्या मुठीत धरला, आणि काकांची काळी पट्टी त्यातून ओढून वर धरली. मधासारखं सोनेरी तेल. काळं स्पंजने पुसलं होतं, पिवळं स्पंजने लावलं होतं.

चेल्याने स्टिकरची पिशवी उचलली. तेलगुरू जाता जाता म्हणाला की परीक्षा घेतलीत, आता गाड्याच तुम्हाला शिक्षा देतील. त्याला कुणी मारलं नाही, अडवलंही नाही. तेवढं त्राण कुणात नव्हतं. काका आपल्या गाडीच्या फळीवर बसले आणि म्हणाले, "आठ महिने मी तेल बदललं नाही रे."

"पण मुळात ते काळं होतं कशाने?" मागून कुणीतरी विचारलं.

"डिझेलच्या काजळीने," मी म्हणालो. "नवं तेल घातलं तरी चार दिवसांत काळं होतं. तो काही रोग नाही. काजळी, कचरा आपल्यात धरून ठेवायचा, हेच त्याचं काम. आणि धरायची ताकद संपली की बदलायचं."

"टॉवेल मळतो म्हणून तर अंग स्वच्छ होतं," ताई म्हणाली. "आणि मळलेला टॉवेल वर्षभर वापरत नाहीत."

माझ्या लांबलचक सांगण्यापेक्षा ते लोकांना पटकन कळलं.

ताईची गाडी मी त्याच दिवशी खोलली, आणि या वेळी पहिल्या नंबरवर. बेअरिंग गेली होती. इंजिनाचा मुख्य दांडा थोडक्यात वाचला. अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत चादरी काकांच्या टेम्पोतून गेल्या. त्यांनी स्वतः होऊन किल्ली आणून दिली, म्हणाले, आधी माझं तेल बदल, मग ताईला घेऊन जाऊ दे. दुसरे एक-दोघे मात्र अजून स्टिकर लावून फिरतात. त्यांच्या मते तेलगुरू खरा होता, त्या दिवशी फक्त त्याची सिद्धी उतरली होती. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

आता सोमवारी सकाळी मी स्टँडवर जातो आणि ज्याला हवं त्याला पट्टी बघायला शिकवतो. सपाट जागी गाडी लावा, इंजिन बंद करून थोडं थांबा, पट्टी पुसा, बुडवा, काढा, दोन खुणांच्या मध्ये तेल आहे का बघा. एवढंच. पहिल्या सोमवारी चौघं आले, परवा नऊ होते. त्यातल्या एकाने विचारलं, हे किती दिवस करायचं? मी म्हटलं, गाडी आहे तोवर. त्याचा चेहरा पडला. मला त्याचं दुःख कळतं. रोज तेच ते करून जीव विटतो, आणि नेमक्या त्या घडीला कुणीतरी येऊन म्हणतं, आता तुला काही करावं लागणार नाही. दमलेल्या माणसाला ते खरं वाटतं. म्हणून सांगतो, दमला असाल तर घटकाभर बसा, कुणाला तरी मदतीला बोलवा, पण डोळे मिटून पट्टी दुसऱ्याच्या हाती देऊ नका. जो म्हणतो तपासू नका, त्यालाच आधी तपासा. आणि लाल दिवा पेटला तर तो झाकू नका. गाडी थांबवा, खाली उतरा, आणि बॉनेट उघडून स्वतः बघा.