बारा चौकटी

बाईंनी कॉलेजांच्या पसंतीची यादी मुलीच्या पुढ्यात सरकवली आणि वर खोडरबर ठेवलं.

"पाच नावं लिहिलीस आणि पाचही घरापासून तासाभराच्या अंतरावरची," त्या म्हणाल्या. "पुसून टाक सगळी."

मुलीने खोडरबर उचललं, पण पुसलं काहीच नाही. तिच्या मांडीवर नेहमीची वही होती. ऐकलेलं, पाहिलेलं सगळं टिपून ठेवायच्या सवयीमुळे वर्गात तिला 'नोंदवही' म्हणत, आणि हे नाव पडलं त्याची तारीखही तिने बहुधा कुठेतरी टिपून ठेवली असावी.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना शाळेनंतरचा रस्ता दाखवायचं काम बाईंकडे एकोणीस वर्षं होतं. जिन्यात, फाटकाशी, नळावर, जिथे मूल सापडेल तिथे त्या विचारत, "पुढे काय?" त्यामुळे पाठीमागे त्यांचं नाव 'पुढे-काय बाई' पडलं होतं. एका मुलाने एकदा घाबरून "पुढे गणिताचा तास" असं उत्तर दिलं होतं, आणि ते बाई अजून हसत हसत सांगत. त्यांची खोली म्हणजे सामानाच्या खोलीत मध्ये भिंत घालून काढलेला तुकडा. खिडकीतून सायकली दिसत. तीन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. तिच्यावर त्या स्वतः बसत.

या मुलीबद्दल शंकेला जागाच नव्हती. तिला नकाशे काढायचे होते. आठवीत असताना तिने शाळेच्या बसचा सगळा मार्ग मोजून कागदावर उतरवला होता, कुठे वळण, कुठे चढ, कुठे कुत्री अंगावर येतात, सगळं. नकाशाशास्त्राची चांगली संस्था एकच, आणि ती दीड दिवसाच्या प्रवासावर. संस्थेकडून प्रवेशाचं पत्र येऊन महिना झाला होता. असं असताना पोरीने तासाभराच्या आतली पाच नावं लिहून आणावीत, ही गोष्ट एरवी बाईंनी हसण्यावारी नेली असती. आज त्यांना हसू येत नव्हतं.

"त्या संस्थेत उशिरा गेलं तर चालतं का?" मुलीने विचारलं. "म्हणजे जानेवारीत वगैरे?"

चालत होतं. घरची अडचण असेल तर जागा जानेवारीपर्यंत राखून ठेवतात, हे नियमपुस्तिकेच्या चौदाव्या पानावर लिहिलेलं होतं आणि पुस्तिका बाईंच्या गुडघ्याशी असलेल्या खणात होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "ऑगस्ट म्हणजे ऑगस्ट."

विद्यार्थ्याशी त्या धडधडीत खोटं बोलल्या, तेही एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मुलीने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बाईंनी हे खोटं आपखुशीने पत्करलं नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी मुलीची आई त्यांच्याकडे येऊन गेली होती. ही आई सोळा वर्षं शाळेची बस चालवत होती. सगळी शाळा तिला बसवाल्या मावशी म्हणे. बाईंनी तिला कायम स्टिअरिंगमागे, उंच आसनावर पाहिलेलं. जमिनीवर उभी राहिली की ती एवढीशी दिसेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मार्चपासून पाठदुखीच्या रजेवर आहे, एवढंच शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. तिने दार लोटून घेतलं आणि बस कुठल्या थांब्यावर किती वाजता येईल हे सांगावं तितक्या सरळपणे सांगितलं. कॅन्सर आहे, पोटात, पसरला आहे, डॉक्टर ऑक्टोबर म्हणतात, फार तर नोव्हेंबर. लेकीला काही माहीत नाही. ऑगस्टमध्ये ती इथून गेलेली असली पाहिजे. नवरा कधीच सोडून गेलेला, घरात दोघीच; कळलं तर पोरगी उंबरठा ओलांडायची नाही.

बाईंनी समजावायचा प्रयत्न केला. मुलीला कळायला हवं, असं लपवून ठेवणं बरं नव्हे, वगैरे वगैरे. बसवाली ऐकून घेत होती. मग म्हणाली,

"माझी आई आजारी पडली तेव्हा मी एक वर्ष शिक्षण थांबवलं, बाई. ते वर्ष अजून चालूच आहे."

बाईंनी शब्द दिला. तिच्यामागे दार लावून घेतलं आणि त्या दिवशी दुपारी आलेल्या एकाही मुलाला त्यांनी पुढे काय ते विचारलं नाही.

म्हणून आता त्यांनी स्वतःच यादीतली पाच नावं खोडली आणि मुलीच्या हातात बारा चौकटींचं कोरं पत्रक दिलं. गुरुवारी तिघांची बैठक, आईला घेऊन ये, असं बजावलं.

हे पत्रक बाईंनी स्वतः आखलेलं होतं. शाळा सुटल्यावरच्या पहिल्या वर्षाचे बारा महिने, जून ते मे, एकेका चौकटीत एकेक. कुठे राहणार, काय करणार. भरायची रीतही ठरलेली. जे आपल्याला हलवता येत नाही ते आधी, पेनने. बाकीचं नंतर, पेन्सिलीने, त्याच्या आजूबाजूला बसवायचं. परीक्षेचा निकाल हलत नाही, बहिणीचं बाळंतपण हलत नाही. "जे हलत नाही ते आधी," हे बाई मुलांच्या कानीकपाळी ओरडत आल्या होत्या. भरलेलं पत्रक मात्र त्या आधी कधी बघत नसत. बाई बघणार म्हटलं की मुलं बाईंना आवडेल तेच लिहितात, हा अनुभव. बैठकीत मुलाने ते आईवडिलांसमोर मोठ्याने वाचायचं, तेव्हाच बाईही ऐकायच्या.

गुरुवारी दोघी वेळेआधी पाच मिनिटं आल्या. बसवालीने निळा शर्ट घातला होता. तो खांद्यांवरून ओघळत होता. तिने बाईंकडे बघून हलकीच मान डोलावली. आपलं काम फत्ते होणार, अशी तिची समजूत दिसत होती. बाईंचीही होती. लेक मधल्या खुर्चीवर बसली, पत्रक उघडलं आणि वर्गात धडा वाचावा तशी वाचू लागली.

"जून. सकाळी औषधांच्या दुकानात काम. दुपारी घरी. इंजेक्शन द्यायला शिकणे. दवाखान्यातल्या नर्सताई शिकवणार आहेत."

"कसलं इंजेक्शन?" आईने विचारलं.

मुलगी थांबली नाही. जुलैत आईचा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी. स्वयंपाक, कपडे, बाजार पूर्णपणे तिच्याकडे. ऑगस्टमध्ये दुकानातलं काम बंद, दिवसभर घरी. सप्टेंबरमध्ये रात्रीसाठी एक बाई ठरवायची, म्हणजे तिला स्वतःला आळीपाळीने झोप मिळेल. आवाज कुठेही चढला नाही की पडला नाही. बाईंना मध्येच थांबवावंसं वाटलं, पण नेमकं काय म्हणून थांबवायचं ते सुचेना.

"ऑक्टोबर," ती म्हणाली. "आई."

तेवढंच लिहिलेलं होतं. बाईंना बसल्या जागेवरून ते दिसत होतं. बाकीच्या चौकटींमध्ये पेन्सिलीची बारीक अक्षरं आणि या एका चौकटीत तो एक शब्द, निळ्या शाईने. त्यांनीच शिकवलं होतं. मुलीने सांगितलं तसं केलं होतं, काना-मात्रा न चुकवता. आपली रीत, आपलं पत्रक, आपली एकोणीस वर्षं, सगळ्याची बाईंना शरम वाटली.

"नोव्हेंबरचं मला काही सुचलं नाही," मुलगी वाचत होती. "डिसेंबर. घर आवरणे. आईचे कपडे, भांडी, शिवणयंत्र. चावी घरमालकांना परत. जानेवारी. नकाशाशास्त्र संस्था, वसतिगृह." तिने मान वर केली, पण बाईंकडे पाहिलं नाही. "तिथे जानेवारीतही घेतात. बाईंना बहुधा माहीत नव्हतं. मी संस्थेला पत्र लिहून विचारलं."

बाईंनी खाली पाहिलं. आपण पकडले गेलो आणि त्याच क्षणी सोडूनही दिले गेलो, हे त्यांना कळलं. ते सोडून देणं त्यांना पकडले जाण्यापेक्षा जड गेलं.

बसवाली बाईंकडे बघत होती. त्या नजरेत काय आहे ते बाई ओळखून होत्या.

"मी नाही सांगितलं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"बाईंनी नाही सांगितलं," मुलगी म्हणाली. "तूच सांगितलंस. मार्चमध्ये गणवेश धुऊन, इस्त्री करून आगारात परत केलास. पाठ दुखते म्हणून कोणी गणवेश परत करतं का? मग मी दवाखान्यात जाऊन नर्सताईंना सगळं विचारून आले."

बसवालीच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क ओशाळलेपण आलं. सोळा वर्षांत एक मिनिट उशीर नाही, एक ओरखडा नाही. सरकारी कापड आपल्या घरात पडून राहावं हे तिच्याने झालं नव्हतं. ज्या नेटकेपणावर ती आयुष्यभर उभी होती, त्यानेच तिला उघडं पाडलं होतं. मग ती चिडली. ऑगस्टमध्ये जायचं आहे, तिकीट मी काढणार आहे, यावर चर्चा नको, असं एका दमात बोलली आणि तेवढ्यानेच तिला धाप लागली.

"मी तुझ्यासारखी वर्षभर नाही थांबत," मुलगी म्हणाली. "पाच महिने थांबते. हे बघ, त्यांचं पत्र. तारीख दिली आहे."

आईने पत्र दोनदा वाचलं. खाली सही आहे का, शिक्का आहे का, तेही बघितलं. घडी घालून परत दिलं. मग हात पुढे करून पत्रक मागितलं आणि जूनपासून एकेक चौकट बोट ठेवून वाचली. निळ्या अक्षरांवर बोट थांबलं नाही. थांबलं ते डिसेंबरवर.

"हे एकटी करणार तू?"

"हो."

"शिवणयंत्र कसं उचलशील? लोखंडी आहे ते."

"शेजारच्या काकांना विचारून ठेवलंय. कशासाठी ते नाही सांगितलं."

खिडकीबाहेर कोणाची तरी सायकल पडली आणि तिच्यामागून आणखी दोन पडल्या. बसवालीने टेबलावरचं खोडरबर घेतलं. डिसेंबरच्या चौकटीतली अक्षरं सावकाश पुसली, कागद फाटू नये म्हणून कोपरा दाबून धरला, फुंकर मारून कस्पटं उडवली. मग पेन्सिल घेऊन जुलैच्या चौकटीत, पलंगाच्या ओळीखाली, मोठ्या ओबडधोबड अक्षरांत लिहिलं, 'घर आवरणे. दोघी.'

"जुलैत करू," ती म्हणाली. "तोवर मला बसून सांगता तरी येईल. कुठली वस्तू कोणाला द्यायची ते तुला काय कळणार? जड सामान आधी. कपाट तू मोकळं कर, मी घड्या घालीन."

मुलगी त्या ओळीकडे बघत राहिली. आतापर्यंत ती पलंगाबद्दल, इंजेक्शनबद्दल, त्या एका शब्दाबद्दल अगदी सरळ बोलली होती. आता तिची हनुवटी थरथरायला लागली.

"आई, मला घर आवरायचंच नाही."

"मग?"

"मला नाही आवरायचं. जुलैत नाही, डिसेंबरमध्ये नाही. मला ते घर आहे तसंच हवं. तुझी भांडी, सगळं."

आणि मग ती रडली. सतरा वर्षांची, आईपेक्षा वीतभर उंच पोरगी, ओठ दाबूनही आवाज न आवरता येणारं रडणं. बसवालीने तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. तशी ती डोळ्यांत पाणी आणणारी बाई नव्हती, आणि आताही तिने आणलं नाही. केसांतून हात फिरवत ती वरून पत्रक बघत होती. बाई उठून बाहेर जाणार होत्या. एवढ्यात बसवालीने दुसऱ्या हाताने पुन्हा खोडरबर उचललं.

तिने जून पुसायला घेतला. औषधांचं दुकान गेलं. इंजेक्शन गेलं.

"अगं, ते शिकायला लागेल," मुलगी मांडीवरूनच म्हणाली.

"जुलैत शीक. त्याच्याआधी नाही लागायचं."

"आणि दुकान? मी त्यांना हो सांगितलंय."

"नाही म्हणून सांग." तिने उरलेली दोन अक्षरं पुसली. चौकटीत पेन्सिलीचा राखाडी डाग राहिला. "तू वर्षाची झाल्यापासून मी पहाटे साडेचारला उठून बस काढत आले. आपण दोघी एक महिना कधी नुसत्या घरात बसलो नाही. जूनमध्ये कुठे जायचं नाही, काही शिकायचं नाही. उशिरा उठू. नंतरचं तू लिहिलंस तसं कर, मी आडवी येणार नाही."

मग ती बाईंकडे वळली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा चिरकला.

"चालेल ना, बाई? एक महिना?"

बाईंनी मान हलवली, पत्रक आपल्याकडे ओढलं आणि खाली सही करायला पेन उघडलं. सहीची जागा त्यांनीच आखलेली होती, पण ती रेघ त्यांना कितीतरी वेळ दिसेना.