बिनडोळ्याचे पान

वांडाने ब्लेड मेणबत्तीवर धरून तापवले, निवू दिले आणि वेलीच्या कांडाला टेकवले. स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेली ती होयाची वेल आता तिच्या खांद्यापर्यंत खाली आली होती. पाने जाड, तळहाताएवढी, चांदीचा वर्ख चढवल्यासारखी. ब्लेडच्या धारेच्या वरच पेर होते आणि पेराच्या बगलेत मोहरीएवढा डोळा. इथे कापले की डोळा पानाबरोबर येतो आणि त्या डोळ्यातून पुढे अख्खी वेल निघते. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सत्तावीस वर्षांत तिने शेकड्यांनी छाटे असे कापून लोकांना दिले होते.

तिने ब्लेड उचलले, बोटभर वर नेले, पानाच्या देठावर ठेवले आणि कापले. पेर वेलीवरच राहिले. हातात नुसते पान आले. कापल्या जागी रुईसारखा पांढरा चीक आला, तो तिने फडक्याने टिपला.

असे पान मरत नाही. ओल्या शेवाळात खोचले की त्याला मुळेसुद्धा फुटतात. वर्षानुवर्षे ते हिरवे राहते. फक्त त्याला दुसरे पान कधी येत नाही. तिने एका नव्या कुंडीत शेवाळ भरले, पान मधोमध बसवले, कुंडी पुसून लख्ख केली आणि कागदाच्या पिशवीत ठेवली. सकाळी ती कामावरच्या डेल्फीनला द्यायची होती.

वांडा सोबचिक एकोणसाठ वर्षांची होती. अमेरिकेतल्या बफेलो शहरात, कायझरटाऊन वस्तीतल्या एका दुमजली घराचा वरचा मजला तिच्याकडे होता. आई होती तोवर दोघी राहत, आई गेल्यावर ती एकटी. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात ती इस्त्रीच्या यंत्रावर उभी राहायची. एका बाजूने ओल्या चादरी आत सारायच्या, दुसऱ्या बाजूने कडक होऊन आलेल्या उचलायच्या. लग्न झाले नाही, जमण्याच्या बेतात एकदा आले होते. दिसायला, बोलायला ती चारचौघींसारखी होती आणि हे तिला ठाऊक होते. पण इस्पितळात तिला एक मान होता. वरच्या मजल्यांवरच्या नर्स, जेवणघरातल्या बायका, दारावरचा पहारेकरी, कुणाचेही झाड पिवळे पडले की ते तळघरात उतरून विचारायचे, "झाडवाली कुठाय?" मग वांडा हात पुसत यायची, पान उलटे करून बघायची आणि दोन वाक्यांत सांगायची, पाणी कमी कर नाहीतर खिडकी बदल. त्या दोन वाक्यांसाठी तिला आठवडाभर उभे राहण्याचे बळ मिळायचे.

डेल्फीन टिलमन आली आणि ते बदलले. डेल्फीन चाळीशीची, उंच, मोठ्याने हसणारी. आल्या आल्या तिने विश्रांतीच्या खोलीच्या खिडकीत मुरंब्याच्या बरण्या ओळीने मांडल्या आणि पाण्यात मनी प्लांटची पेरे सोडली. साधा मनी प्लांट, वांडाच्या मते तो झाडात धरायचाही नाही. पण बरण्यांत मुळे फुटत होती, डेल्फीन ती येईल त्याला वाटत होती, वाटताना ज्याच्या त्याच्या पोराबाळांची चौकशी करत होती. चार महिन्यांत नर्स खाली उतरून "डेल्फीन आहे का?" असे विचारू लागल्या. वांडा तिथेच यंत्रापाशी असायची. "आहे, त्या बाजूला," असे तीच सांगायची.

डेल्फीन तिच्याशी वाईट वागली असती तर बरे झाले असते. पण ती वागायची आदराने. धुलाईखान्यात सगळ्या एकमेकींना नावाने हाक मारत. डेल्फीन मात्र तिला 'मिस वांडा' म्हणायची, डेल्फीनच्या माहेरी थोरल्या बायकांना म्हणत तसे, आणि अहोजाहो करायची. जेवणाच्या सुट्टीत एकदा वांडाच्या फोनवर तिला चांदीच्या होयाचा फोटो दिसला. नऊ वर्षांनी पहिल्यांदा फुललेली वेल, मेणाच्या चांदण्यांचा गुच्छ. डेल्फीन फोन हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "मिस वांडा, हिचा एक तुकडा मला द्याल? मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाहीये. पण हिच्यासाठी मागते."

नाही म्हणायची सोय नव्हती. वांडा 'देईन की' म्हणाली, आणि पंधरा दिवसांनी ती पिशवी घेऊन आली.

डेल्फीनने पान बघितले आणि तिचे डोळे भरून आले. तिने वांडाला मिठी मारली. वांडाला आईनंतर कुणी अशी मिठी मारली नव्हती. तिचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले.

पाच आठवड्यांनी पानाला मुळे फुटली. डेल्फीनने फोटो काढून आणला आणि सगळ्यांना दाखवला. त्यानंतर तिचा नेम झाला. दर सोमवारी कामावर आली की ती वांडाच्या यंत्रापाशी थांबायची आणि सांगायची, "अजून एकच पान आहे, मिस वांडा."

"धीर धर," वांडा म्हणायची. "ही जात सावकाश वाढते."

पहिले काही सोमवार वांडाला ते वाक्य गोड लागले. उन्हाळ्यानंतर डेल्फीनला पाळीची मुकादम केले. सत्तावीस वर्षे उभी असलेली वांडा जिथल्या तिथे राहिली आणि परवा आलेली बाई तिला यंत्र कोणते घ्यायचे ते सांगू लागली. त्या दिवशी घरी येऊन वांडा होयाच्या खाली खुर्ची ओढून बसली. वेलीला तीन नवे शेंडे आले होते. ते मोजताना तिच्या मनात आले, डेल्फीनकडे मुकादमकी आहे, नवरा आहे, दोन मुली आहेत. पण हे नाही. हे तिला कधी मिळायचे नाही, आणि ते का, हे तिला कळायचेही नाही. त्या विचाराने तिला बरे वाटले. मग बरे वाटल्याची लाज वाटली आणि मग पुन्हा बरे वाटले.

पुढच्या जून महिन्यात डेल्फीनची थोरली मुलगी शाळा पास झाली. घरी मेजवानी होती, डेल्फीनने सगळ्या धुलाईखान्याला बोलावले होते. वांडा जाणार नव्हती. पण नाही गेले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, या विचाराने ती गेली. अंगणात कोंबडी भाजली जात होती, पोरे धावत होती, म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या. हात धुवायला म्हणून वांडा घरात शिरली आणि समोरच्या खोलीत थबकली.

घरातल्या सगळ्यांत उजेडाच्या खिडकीत तिने दिलेली कुंडी होती. एकच पान. पान सुंदर झाले होते, तिच्या वेलीवरच्या पानांहूनही रुंद आणि चकचकीत. त्याच्यामागे तांब्याच्या तारेची कमान होती, हातभर उंच, बारीक विणीची, वर टोकाला एक छोटीशी चांदणी वळवलेली. वेल चढायला केलेली ती कमान पूर्ण रिकामी होती.

"क्लिफ्टनने केली," डेल्फीन दारातून म्हणाली. "पानाला मुळं फुटली ना, त्याच आठवड्यात. तीन संध्याकाळी बसला होता."

तिचा नवरा क्लिफ्टन तिच्या पाठीमागून भांडी घेऊन चालला होता. तो वांडाकडे बघून हसला आणि अंगणात गेला.

वांडाला त्या क्षणी पश्चात्ताप वाटायला हवा होता. घरी जाताना बसमध्ये तिने स्वतःला तसे सांगितलेही. पण खरे तिला जे वाटले ते वेगळे होते. तिच्या वेलीला गेली अकरा वर्षे पडद्याच्या जुन्या दांडीचा आधार होता, आणि तोही तिने स्वतः स्टुलावर चढून ठोकलेला. कुणीतरी तीन संध्याकाळी बसून तार वळवावी, असे तिच्या आयुष्यात कुणी नव्हते. आपण कापलेल्या त्या फसव्या पानाचाही तिला हेवा वाटला.

त्या वर्षी नाताळच्या दोन दिवस आधी वादळ आले. शहरालगतच्या सरोवरावरून बर्फ असा आला की समोरचा हात दिसेना. रस्ते बंद झाले, कामावर असलेली माणसे इस्पितळातच अडकली. धुलाईखान्यातल्या सात जणी तीन दिवस तिथेच राहिल्या. इस्पितळाला स्वतःची वीज होती, यंत्रे चालू होती, पण शहराच्या निम्म्या भागात अंधार होता. कायझरटाऊनमध्येही.

डेल्फीन दर दोन तासांनी घरी फोन लावायची. क्लिफ्टनने गॅसची शेगडी पेटवून सगळ्यांना स्वयंपाकघरात गोळा केले होते. मुलींनी कुंड्याही आत ओढून घेतल्या होत्या. बायका आळीपाळीने आपापल्या घरी बोलत होत्या. वांडाच्या खिशात फोन होता आणि तो लावायला कुणी नव्हते. खालच्या मजल्यावरचे जोडपे हिवाळाभर फ्लोरिडात असायचे. तिने चादरी घडी केल्या, अभ्रे घडी केले, सांगितल्याहून जास्त काम केले. डेल्फीनने एकदा विचारले, "मिस वांडा, तुमची झाडं?" वांडा म्हणाली, "बघू."

चौथ्या दिवशी बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग चालत ती घरी पोहोचली. आत श्वासाची वाफ दिसत होती. सगळ्या वेली खिडक्यांत जागच्या जागी होत्या, फक्त काळ्या. चांदीच्या होयाचे एक पान तिने दोन बोटांत धरले, तर ते उकडलेल्या भाजीसारखे विरघळले. तिने अंगातला कोटही न काढता कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या आणल्या आणि सगळे भरले. कांडे तपासून पाहिली. एकही पेर जिवंत नव्हते.

कामावर तिने कुणाला सांगितले नाही. पण जानेवारीत एक नर्स आपल्या झाडाबद्दल विचारायला आली तेव्हा वांडा म्हणाली, "मला नको विचारू, माझ्याकडे आता एकही झाड नाही." ते डेल्फीनच्या कानावर गेले.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. खाली क्लिफ्टन गाडी चालू ठेवून थांबला होता आणि डेल्फीन जिना चढत होती. हातात चादरींचे खोके, वर ब्लँकेट. तिने ते टेबलावर ठेवले आणि ब्लँकेट काढले. आत ओल्या कागदात गुंडाळलेले तीस-पस्तीस छाटे होते. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि नाव. हृदयविभागातली नर्स, जेवणघरातली बाई, निवृत्त झालेला पहारेकरी.

"हे तुमचंच आहे सगळं," डेल्फीन म्हणाली. "ज्यांना ज्यांना तुम्ही दिलं होतं, त्यांच्याकडून मागून आणलंय. काही वाढून छतापर्यंत गेलेत, तुम्हाला ठाऊक नसेल."

वांडा एकेक पुडी उलगडत गेली. प्रत्येक कांडाला पेर होते, प्रत्येक पेराला डोळा. आतून तिला धाकधूक होती की आता तळाशी ती कुंडी निघणार आणि डेल्फीन म्हणणार, घ्या, तुमच्या वेलीचं एवढंच उरलंय. खोके रिकामे झाले. कुंडी नव्हती.

"आणि चांदीची?" तिने विचारले. विचारायचे नव्हते, पण तोंडून गेले.

डेल्फीन ब्लँकेटची घडी करत होती. ती थांबली नाही. "तिचं काय होणार आहे, मिस वांडा? तिला डोळाच नाही."

वांडाने हातातली पुडी टेबलावर ठेवली.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच उन्हाळ्यात. वनस्पती उद्यानात झाडांची विक्री होती, तिथल्या माणसाला मी फोटो दाखवला. तो म्हणाला, ज्यानं दिलं त्याला कापायचं कळत नव्हतं." तिने घडी पुरी केली. "मी म्हटलं, त्यांना कळतं."

"मग दर सोमवारी तू..."

"मला वाटायचं, या सोमवारी तुम्ही सांगाल."

वांडाने टेबलाची कड धरली. दीड वर्षाचे सोमवार तिने मनात मोजायचा प्रयत्न केला. डेल्फीनने कोटाची बटणे लावली, छाटे आजच पाण्यात ठेवा म्हणून सांगितले आणि ती जिना उतरून गेली. खिडकीतून वांडाने बघितले. क्लिफ्टनने आतून दार उघडून दिले, डेल्फीन बसली, त्याने काहीतरी विचारले, तिने मान हलवली. वांडाला पुन्हा तोच जुना हेवा वाटला. एवढे होऊनही तो गेला नव्हता.

सोमवारी डेल्फीन यंत्रापाशी थांबली नाही. मंगळवारीही नाही. तिची वागणूक बदलली नव्हती. काम सांगायची, आदराने सांगायची, पुढे जायची. वांडा मान वर करून बघायची आणि पुन्हा चादर आत सारायची.

गुरुवारी इस्त्रीचे यंत्र बंद पडले. कारागीर येईपर्यंत चादरी हाताने घडी करायच्या होत्या, दोघी दोघींनी. जोड्या लागल्या आणि वांडासमोर कुणी उरले नाही, तेव्हा डेल्फीनने आपले कागद बाजूला ठेवले आणि चादरीचे पलीकडचे टोक उचलले. दोघी मागे सरल्या, चादर ताणली, झटकली, मध्ये दुमडली. मग कोपरे जुळवायला एकमेकींच्या दिशेने चालत आल्या. असे दहा-बारा वेळा झाले.

तेराव्या की चौदाव्या चादरीला, अगदी जवळ आल्यावर, वांडा म्हणाली, "मी मुद्दाम केलं."

तिला आणखी सांगायचे होते. बरण्यांबद्दल, मुकादमकीबद्दल, तारेच्या कमानीबद्दल. तिचे हात हवेत होते आणि हातांत चादरीचे दोन कोपरे होते.

डेल्फीनने तिच्याकडे बघितले, हसली नाही आणि नजर वळवलीही नाही. आपल्या हातातले दोन कोपरे तिने वांडाच्या बोटांत दिले.

"खालची कड सुटतेय," ती म्हणाली, आणि वाकून ती कड उचलायला खाली गेली.