कुंकू लावलेला जॅक

मी ऑइलचा जॅक बोलतोय. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला सुग्रीव मिस्त्रीचं गॅरेज आहे, तिथे मी असतो. उंची वीतभर, पण अख्खी जीप डोक्यावर घेतो. म्हणजे, घेत होतो.

मला नवाकोरा असताना आणलं राधाकिसन मिस्त्रींनी, सुग्रीवच्या वडिलांनी. ते गेले आणि गॅरेजसोबत मीही सुग्रीवकडे आलो. ‘आबांचा जॅक हाय’ म्हणत तो मला कुणाला हात लावू देत नाही. माया उदंड, देखभाल शून्य! माझ्या पोटातलं वायसर पार झिजलंय. ओझं घेतलं की मी मुंगीच्या पावलांनी खाली बसत जातो. कुणाला दिसत नाही, मला मात्र धडकी भरते.

परवा कल्याणरावांची जीप आली. वळताना पुढून खटखट आवाज यायचा. सुग्रीवने मला चेसिसखाली लावून गाडी उचलली, पुढचं चाक काढलं आणि रीतीप्रमाणे तेच चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं. मी निसटलोच, तर गाडी चाकावर बसावी, माणसावर नको. मला जरा हायसं वाटलं. मग ठोकून ठोकून त्याने बॉल जॉइंट सोडवला आणि एक्सल ओढायला पाठीवर झोपून आत शिरला.

कल्याणराव म्हणजे उतावळा माणूस. त्या चाकाची हवा कमी होते, हे त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं.

“मिस्त्री, तवर पंक्चर काढून आणतो,” म्हणाले आणि गाडीखालचं चाक ओढून शेजारच्या दुकानात गेले.

हातोड्याच्या आवाजात सुग्रीवला काय ऐकू येणार? त्याने नुसतं “हां, हां” केलं.

वर जीप, खाली सुग्रीवची छाती आणि मधे मी. जीव टांगणीला लागला, पण ओरडायला तोंड कुठलं? मी खाली सरकतच होतो.

तेवढ्यात त्याची बायको दैवशाला डबा घेऊन आली. आल्या आल्या गाडीखाली वाकून बघायची तिची सवयच आहे.

“अवो, चाक कुठंय? भाइर या आधी, जल्दी!”

“निघूनच राह्यलाय एक्सल. काढतो अन् येतो.”

“बिलकुल न्हाई!” म्हणत तिने त्याचे दोन्ही पाय धरले आणि खसकन बाहेर ओढलं.

त्याचं डोकं बाहेर आलं न आलं, तोच माझा धीर सुटला. जीप धाडकन खाली आली. कल्याणराव चाक घेऊन परतले आणि जागीच थिजले.

“भंगारात घाला त्याला,” दैवशाला म्हणाली.

“याला? अगं, मी भाइर येस्तोवर दम धरला त्यानं. आबांच्या जॅकनंच वाचवलं मला!”

दुसऱ्या दिवशी त्याने मला डिझेलने धुतलं, कुंकू लावलं, फूल वाहिलं. येणारा जाणारा मला हात जोडतो. दैवशालेला कुणी साधं शाब्बासही म्हटलं नाही.

माणसांनो, तुमची ही भक्ती मला पेलत नाही. माझं वायसर बदला, नाहीतर खरंच मला भंगारात घाला. मी कुणाला वाचवलेलं नाही.

दारात एक पिकअप येऊन उभी आहे. सुग्रीवने मला उचललंय. आणि दैवशाला अजून आलेली नाही.