येसाजीरावांचा तिरका दात

प्रार्थनाच्या अज्जांनी माझी पत्रिका बघितली नाही, पगार विचारला नाही. गोत्र विचारलं, पण उत्तर ऐकायला थांबले नाहीत. ते म्हणाले, "तू दात बसवतोस म्हणे?"

"हो अज्जा. म्हणजे तोंडात डॉक्टर बसवतात. मी प्लेटवर बसवतो."

"म्हणजे खरं काम तुझं."

"तसं नाही, पण..."

"सरी, ठीक आहे. मग माझे बसव. नीट बसले तर लग्नाचं बोलू."

अज्जांचं नाव येसाजीराव. त्यांचे पूर्वज तंजावरहून म्हैसूरला आले आणि कोणी परत या म्हटलं नाही म्हणून इथेच राहिले. आमचेही तसेच. दोन्ही घरांत मराठी बोलतात, फक्त राग आला की कन्नडमध्ये येतो. त्या दिवशी विजयनगरच्या त्यांच्या हॉलमध्ये सगळे मराठीच बोलत होते, म्हणून मला वाटलं सगळं ठीक चाललंय.

"अज्जा, हे काय विचारणं झालं?" प्रार्थना म्हणाली. "ह्याला मी पसंत केलंय. परीक्षा कसली?"

"तू पसंत कर ना. मी कुठे नको म्हटलं? पण ज्याला माझा एक दात धड लावता येत नाही, त्याच्या हाती अख्खी नात कशी देऊ?"

मी विचार केला, मुद्दा बरोबर आहे.

साधे दात असते तर मला एवढी भीती वाटली नसती. पण अज्जांना साधे दात नको होते. तरुणपणी त्यांचा वरचा एक दात तिरका होता, शेजारच्या दातावर असा टेकलेला, जसा माणूस बसस्टॉपवर खांबाला टेकतो. तो तिरका दात बघूनच नागरत्ना अज्जींनी लग्नाला हो म्हटलं होतं. पुढे चामुंडी टेकडीच्या उतारावर अज्जांची स्कूटर आणि कोणाची तरी म्हैस एकाच वेळी एकाच वळणावर आल्या. म्हैस ठणठणीत राहिली. अज्जांचे पुढचे सहा दात गेले, त्यात तो तिरकाही गेला. मग आली प्लास्टिकची प्लेट, सरळ दातांची. तीस वर्षं ते दात तोंडात वागवून अज्जा म्हणायचे, "हे माझे नव्हेत. एखाद्या बँक मॅनेजरचे दात आहेत." शेवटी तीही प्लेट मोडली, कोडबळं खाताना. म्हैसूरचं कोडबळं म्हणजे चकलीला कोणी दंड-बैठका काढायला लावल्यासारखं. म्हणून ह्या वेळी धातूची प्लेट आणि तिरका दात.

"तिरका कोणत्या बाजूला होता?" मी विचारलं.

"कोणत्या म्हणजे? ह्या," अज्जांनी बोट दाखवलं. मग ते बोट हळूहळू दुसऱ्या बाजूला गेलं. "की ह्या? अय्यो, तीस वर्षं झाली. फोटो आहे आत. ही पाठवेल." त्यांनी शेजारच्या अज्जींकडे बोट केलं.

मी उठून फोटो बघायला निघालो तर प्रार्थनाने शर्ट ओढून बसवलं. त्यांच्याकडे रीत आहे: होकार मिळेपर्यंत मुलाने हॉलच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. आणि फोटो बाहेर आणता येत नाही, कारण जिवंत माणसाचा फोटो खिळ्यावरून उतरवणं अशुभ. तेव्हा अज्जींनी स्वतः आत जाऊन फोटोचा फोटो काढला आणि मला पाठवला. कोपऱ्यात त्यांचा अंगठाही आला होता. मी तो अंगठा आदराने कापला आणि फोटो मोठा केला.

लग्नाचा फोटो, काळा-पांढरा. त्या काळी लग्नाच्या फोटोत सगळे अटक झाल्यासारखे उभे राहायचे, पण अज्जा हसत होते. दात स्पष्ट दिसत होता, त्यांच्या डाव्या बाजूला. शेजारी अज्जी, पदर उजव्या खांद्यावर. मी म्हटलं, त्या वेळची फॅशन असेल.

आमची लॅब नजरबादला आहे. मालक रघूत्तमण्णा, आणि काम करणारे आम्ही तिघे. लोकांना वाटतं की दात धातूला चिकटवतात. धातूला दात चिकटत नाही. त्याला धातू आवडतच नाही. म्हणून प्लेट ओततानाच जिथे दात येणार तिथे बारीक जाळी ठेवतात. जाळीवर मेण लावायचं, मेणात एकेक दात बसवायचा, वरखाली करून बघायचा. सगळं मनासारखं झालं की तो डोलारा प्लास्टरमध्ये गाडायचा, गरम पाण्याने मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत हिरडीच्या रंगाचं गुलाबी ॲक्रिलिक भरायचं. ते एकीकडे जाळीत घुसतं, दुसरीकडे दाताला धरतं. रघूत्तमण्णा म्हणतात, "दोन्ही पार्ट्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नसतं. मधला माणूस पक्का हवा."

मेणात पाच दात झटक्यात बसले. सहाव्याला मी फोटो बघून तिरका केला, तर तो तिरका न दिसता दारू प्यायल्यासारखा दिसला. पुन्हा केला, तर रुसल्यासारखा. चूक झाली तर प्रार्थना म्हणेल, काही हरकत नाही. आणि अज्जा म्हणतील, हरकत आहे. आणि अज्जी काही म्हणणार नाहीत, हे सगळ्यात वाईट.

"तू दात लावतोयस की मुहूर्त काढतोयस?" रघूत्तमण्णांनी विचारलं.

"अण्णा, ह्यावर माझं लग्न आहे."

त्यांनी चष्मा वर करून मेणाकडे बघितलं. "एवढ्याशा प्लेटवर? मांडवाला जागा लहान पडेल," ते म्हणाले आणि निघून गेले.

पक्कं करण्याआधी मेणातली प्लेट एकदा तोंडात घालून बघायची असते. अज्जांच्या डॉक्टर बोगादीला आहेत, डॉ. सिंधू. त्या साताऱ्याहून आल्या, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकलं की आम्हाला शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. त्यांनी प्लेट बसवली, चावायला लावलं, खालचे-वरचे दात मिळतात का ते पाहिलं आणि हातात आरसा दिला.

अज्जांनी डोळे मिटले. "बेड. नको. अर्धवट काम आरशात बघायचं नसतं. मेणाचे दात बघितले तर माणूस मेणाचा होतो."

"काका, असं कुठे लिहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"लिहायचं कशाला? मी सांगतोय ना."

"निदान दाताची बाजू तरी बघा," मी म्हटलं.

"एकदम लग्नाच्या दिवशी बघतात तसं बघेन." डोळे मिटलेलेच. त्या दिवशी अज्जी आल्या नव्हत्या. डॉक्टरांना जुना दात माहीत नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी फोनमधल्या फोटोकडे बघितलं, आणि काम पुढे गेलं. ॲक्रिलिक भरलं, शिजवलं, घासून चमकवलं. प्लेट इतकी छान झाली की मला आणखी भीती वाटायला लागली.

प्लेट डॉक्टरांकडे पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रघूत्तमण्णांची गाडी घेऊन अज्जा-अज्जींना न्यायला गेलो. अज्जा खुशीत होते. "अर्धा होकार झाल्यासारखाच आहे. ये आत, उप्पीट खा."

अशा रीतीने मी पहिल्यांदा हॉलच्या पुढे पाऊल टाकलं. आत जेवणाचं टेबल, टेबलासमोर भिंत आणि भिंतीवर तो फोटो.

अज्जींचा पदर डाव्या खांद्यावर होता.

मी उप्पिटाचा घास तोंडातच ठेवला. पदर डाव्या खांद्यावर, जसा सगळ्या जगाचा असतो. आणि अज्जा हसत होते, आणि तिरका दात त्यांच्या उजवीकडे होता.

"अज्जी," मी घास गिळून विचारलं, "तुम्ही तो फोटो कसा काढलात?"

"कसा म्हणजे? नातवाशी, नीलशी बोलते तसा. तो पुण्याहून व्हिडिओ लावतो ना, त्यात जसं माझं तोंड दिसतं तसं." त्यांनी करून दाखवलं. फोनचं तोंड भिंतीकडे, पाठ स्वतःकडे, हात उंच, आणि बोट पलीकडे चाचपडत. "फोन फोटोकडे बघायला नको का?"

सेल्फीचा कॅमेरा. अज्जींच्या फोनमध्ये त्यातून सगळं आरशासारखं उलटं निघत होतं. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. मी तो अंगठा कापला होता, पण त्या अंगठ्यावर विचार केला नव्हता.

मी प्रार्थनाला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. "दात उलटा बसलाय."

"म्हणजे मुळं खाली?"

"नाही गं. उजवीकडचा डावीकडे. सुटका नाही, पक्का झालाय."

ती जरा विचारात पडली. "कोणाला कळणार?"

आम्ही दोघांनी एकदमच अज्जींकडे बघितलं. त्या डबा भरत होत्या. दात बसल्यावर लगेच चावून बघायला कोडबळी.

"आत्ता सांगू का?" मी विचारलं.

"आत्ता सांगितलंस तर अज्जा गाडीतच बसणार नाहीत. तिथे सांग. तिथे निदान डॉक्टर आहे."

प्रार्थनाही आमच्याबरोबर निघाली. विजयनगरहून बोगादी काही लांब नाही. पण मला त्या दिवशी प्रत्येक सिग्नल हिरवाच मिळाला. एकही लाल नाही. मी हळू चालवली तर मागून अज्जा म्हणाले, "काय रे, मिरवणूक आहे का?"

डॉ. सिंधूंनी प्लेट बसवली. अज्जांच्या मागच्या उरलेल्या दातांना हूक बरोबर धरले. खटकन् आवाज आला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आरसा देण्याआधी मला एक..."

अज्जांनी आरसा आधीच उचलला होता. ते हसले. आरशात बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाच," ते म्हणाले. "अगदी फोटोतल्यासारखा."

मला आधी कळेना. मग कळलं. अज्जांनी तीस वर्षं तो दात फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितला होता. फोटोत तो बघणाऱ्याच्या डाव्या हाताला दिसतो. मी चुकीच्या बाजूला बसवल्यामुळे आता आरशातही तो डाव्या हाताला दिसत होता. दोन चुका नव्हत्या, एकच होती, पण आरशाने ती पोटात घातली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं.

पण अज्जी आरशात बघत नव्हत्या. त्या समोर स्टुलावर बसून अज्जांकडे बघत होत्या. मान डावीकडे कलवून बघितलं, उजवीकडे कलवून बघितलं. मग उठल्या, खुर्चीच्या मागे गेल्या आणि अज्जांच्या खांद्यावरून आरशात डोकावल्या.

"इथे आहेत," त्या म्हणाल्या.

पुन्हा समोर आल्या. "इथे नाहीत."

"काय नाही?" अज्जांनी विचारलं.

"आरशात माझा नवरा आहे. खुर्चीत दुसरा कोणीतरी बसलाय."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मी सगळं एका श्वासात सांगितलं: पदर, फोन, अंगठा, उजवं, डावं. "चूक माझी आहे. पदर बघूनच कळायला हवं होतं. पण प्लेटला काही झालेलं नाही. तो दात, पलीकडचा त्याचा सरळ जोडीदार आणि भोवतीचं गुलाबी कापून काढतो आणि बाजू बदलून नवीन बसवतो. अज्जा, प्लेट तेवढी द्या. उद्या परत आणतो."

अज्जांनी तोंड घट्ट मिटलं.

"काका, काढा बघू," डॉ. सिंधू म्हणाल्या.

अज्जांनी मान हलवली. मग बोलणं भाग पडलं म्हणून हाताने तोंड झाकून बोलले, जसं कोणी हिसकावून घेईल. "तीस वर्षांनी मी मला दिसलो. आता उद्या नाही नि परवा नाही."

"पण बाजू चुकलीय ना!" अज्जी म्हणाल्या.

"दात माझा आहे."

"बघायचा मला असतो. तुम्ही कधी बघता? दाढी करताना. मी तीन वेळा जेवताना समोर बसते."

"अज्जा," मी म्हटलं, "तुमची अट होती की दात नीट बसले तर. नीट बसलेले नाहीत. मी नीट करून देतो, मग तुम्ही..."

"नरसिंह," अज्जांनी पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. "तुला नात हवी ना? ने. पण दात मागायचा नाही."

प्रार्थनाने हळूच विचारलं, "म्हणजे झालं का?"

"माझ्याकडून झालं. हिचं हिला विचार."

सगळे अज्जींकडे बघायला लागले. मला वाटलं, आता त्या काही म्हणणार नाहीत. त्या पुन्हा खुर्चीच्या मागे गेल्या आणि आरशात बघत उभ्या राहिल्या. आरशातले अज्जा त्यांच्याकडे बघून हसले, तिरका दात दाखवून.

"जेवणाच्या टेबलासमोर आरसा लावा," अज्जी म्हणाल्या. "मोठा. आजवर समोर बसत आले. आता शेजारी बसेन आणि आरशात बघेन. आणि लग्नाचा फोटो उलटा छापून घ्या, म्हणजे हे सुलट दिसतील."

"अज्जी, मग त्यात तुझा पदर उजव्या खांद्यावर जाईल," प्रार्थना म्हणाली.

"जाऊ दे. फॅशन म्हणतील."

संध्याकाळी मी विजयनगरला टेबलासमोर, त्या फोटोच्या खाली, आरशासाठी खिळा ठोकत होतो. हॉलच्या पुढे, पूर्ण होकारानिशी. तरी खिळा वाकडा गेला, कारण मागे कोडबळ्याचा डबा उघडल्याचा आवाज आला होता. ही परीक्षा अजून राहिलीच होती. जाळी, ॲक्रिलिक, दात. मधला माणूस पक्का आहे की नाही, ते आत्ता कळणार होतं.

प्रार्थना माझ्या शेजारी आरसा धरून उभी होती. त्यात मला मागचं टेबल दिसत होतं. अज्जा-अज्जी शेजारी शेजारी बसले होते. अज्जांनी सगळ्यात जाड कोडबळं निवडलं आणि बरोबर पुढच्या दातांत धरलं.

कडाक् असा आवाज झाला. मी डोळे मिटले. हातोडी हवेतच राहिली.

"काय तुटलं?" मी विचारलं.

मग अज्जींचा आवाज आला.

"कोडबळं. तू सुम्ने, गपचूप खिळा ठोक."