दुसऱ्यांदा वाढून घेणारा खासदार

लोक म्हणतात, माझा नवरा ऑर्विल ट्वीट खासदार होतो तो कोरियाच्या लढाईतल्या पदकामुळे. काहीतरीच! आमच्या मिनेसोटात पदकवाले गल्लोगल्ली आहेत. ऑर्विल निवडून येतो तो चर्चच्या जेवणावळींमध्ये. ज्याच्या वासाने मांजरंसुद्धा परसात पळतात तो लुटफिस्क मासा तो मिटक्या मारत खातो आणि ताट पुन्हा पुढे करतो. दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्याला पाडेल अशी बाई आमच्याकडे जन्मायची आहे.

खरी गोष्ट एकट्या मला ठाऊक होती. कोरियात तोफेचा गोळा शेजारी फुटला आणि ऑर्विलचा गुडघा कामातून गेला, हे सगळ्यांना माहीत. त्याच दणक्यात त्याची चव आणि वास दोन्ही गेले, हे कुणालाच नाही. "लंगड्याला लोक मत देतात, लेनोरा," तो म्हणायचा. "पण मला कसली चवच लागत नाही हे या बायकांना कळलं, तर दारात तरी उभं करतील का?" माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण एवढं मी पोटात ठेवलं. रोज जेवताना तो विचारायचा, "आज कसं झालंय?" आणि मी सांगायची.

यंदा त्याच्यासमोर प्रेस्टन केल नावाचा एक तरुण वकील उभा राहिला. नाकाने कांदे सोलणारा नुसता! ऑगस्टच्या जत्रेत, केकच्या स्पर्धेपाशी, त्याने भोंग्यावरून पुकारलं, "यंदा परीक्षक आम्ही दोघे उमेदवार!" ऑर्विल हे वर्षानुवर्षं टाळत आला होता. पण इतक्या बायकांसमोर नाही कसं म्हणणार?

पहिलाच केक म्हाताऱ्या हेडविग लुंडेचा. तिची नजर अधू झालेली, त्यामुळे साखरेऐवजी मीठ पडलेलं. ऑर्विलने भलामोठा घास घेतला. "वा, हेडविग! आणखी एक तुकडा दे." पाठोपाठ केलने घास घेतला आणि तिथल्या तिथे गवतावर थुंकला.

"नुसतं मीठ आहे हे!" तो ओरडला. "आणि खासदार वाहवा करतायत! केकबद्दल खोटं बोलणारा माणूस तुमच्या करांबद्दल खरं बोलेल?"

हेडविगने बोटाने केक चाखला आणि तिचा चेहरा पडला. "ऑर्विल, तुला मीठ लागलं नाही?"

त्याने टोपी काढली. "नाही, हेडविग. कोरियापासून मला कशाचीच चव लागत नाही."

"म्हणजे माझा लुटफिस्क?"

"नाही."

"नाताळची बिस्किटं?"

"नाही गं."

"मग दोनदोनदा वाढून कशाला घ्यायचास, मेल्या?"

"मतं हवी होती. आणि मी खायला लागलो की तुमचे चेहरे असे काही खुलायचे! मला तेवढंच कळायचं."

संपलं, मला वाटलं. गेली खासदारकी!

हेडविग केलकडे वळली. "हा खोटं बोलला, त्याचं मी बघून घेईन. पण तू थुंकलास रे, चारचौघांत." मग तिने खुर्ची ओढली आणि ऑर्विलच्या शेजारी बसली. "गेल्या वर्षीचा केक चांगला झाला होता. ऐक. लोणी घरचं. वेलदोडा ताजा कुटलेला. सफरचंदं आमच्या ह्यांनी लावलेल्या झाडाची, आंबटसर. आधी ती आंबट लागायची, मग हळूच लोणी."

ऑर्विल डोळे मिटून ऐकत होता. तिच्या मागे दुसरी बाई येऊन उभी राहिली, मग तिसरी. बघता बघता रांग लागली. प्रत्येकीला आपापल्या केकची चव त्याला सांगायची होती. "वेलदोडा पुन्हा सांग," तो म्हणत होता, आणि त्याचे गाल ओले झाले होते. खरं सांगते, मला हेवा वाटला. हे काम आजवर माझं एकटीचं होतं.

नोव्हेंबरात तो निवडून आला, अगदी काठावर. हेडविग आमच्याकडे आली ती रिकाम्या हातांनी.

"अभिनंदन करायला नाही आले," तिने दारातच सुनावलं. "मी तुला मत दिलेलं नाही, ऑर्विल. त्या थुंकणाऱ्याला पाडलंय. तुझं माझं भांडण अजून मिटलेलं नाही."