विवेकच्या टेपवरची तारीख

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या अपार्टमेंटमधून शैलजाने नागपूरला शोभनाकाकूंना फोन लावला, तो आनंदाची बातमी द्यायला. पेपर छापून येणार होता आणि त्यावर विवेकचं नाव पहिलं असणार होतं.

विवेक काकूंचा एकुलता एक, शैलजाच्याच लॅबमधला. दोघांचा अभ्यास एका माशीमार पक्ष्याचा. अँडीजच्या उंच गवताळ पठारांवर तिकडच्या हिवाळ्यात येणारा, फांदीवर बसायचं सोडून गवतातून तुरुतुरु धावत माशा टिपणारा. शैलजाच्या व्हिसाचं घोंगडं भिजत पडलेलं, म्हणून २००५ साली पेरूला विवेक एकटाच गेला. पाच मेला त्याची जीप दरीत कोसळली. सामान ओढ्यात वाहून गेलं; खिशातली पक्ष्याच्या आवाजाची एक टेप तेवढी परत आली. लेबलवर ४/५. लॅबच्या पद्धतीने आधी महिना, मग दिवस, म्हणजे पाच एप्रिल. पक्षी महिनाभर लवकर आला होता, आणि सगळा पेपर त्यावरच उभा होता.

टेपमध्ये शेवटी विवेकही बोलला होता. ते काकूंना ऐकवायचं शैलजाला वर्षभर धाडस झालं नव्हतं.

काकूंनी बातमी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "आज माझा वाढदिवस. मागच्या वर्षी त्याचा फोन आला नाही गं. विसरला, म्हणून मी रागावून बसले. आणि दुसऱ्या दिवशी तोच गेला."

शैलजाची नजर कॅलेंडरवर गेली. इथे तीन मेची संध्याकाळ होती. नागपुरात चार मे उजाडला होता. विवेकने आपल्याकडच्यासारखा आधी दिवस, मग महिना लिहिला होता, आणि चार वर्षांत अमेरिकन झालेल्या शैलजाने त्यातला चार हा महिना म्हणून वाचला होता. पक्षी वेळेवरच आला होता. टेपवरचं मराठी लॅबमध्ये दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं. ती गप्प बसली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. तो विचार तिच्या मनात आला आणि चांगला मिनिटभर राहिला.

मग तिने टेप लावली आणि फोन स्पीकरजवळ धरला. वारा, पक्ष्याची बारीक टिकटिक, आणि विवेक: "आज आईचा वाढदिवस. इथे रेंज नाही यार. उद्या खाली उतरलो की पहिला फोन तिला."

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे मला फोन करायलाच उतरत होता."

 पेपर आता मागे घ्यावा लागेल, नाव छापून येणार नाही, तेही शैलजाने सांगून टाकलं. काकूंनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.